मे महिन्यात सिकॅमोर मरत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या वसाहतीमागून एक ओढा वाहतो. त्याच्या काठाला सिकॅमोरची सात झाडं आहेत. यंदाच्या मे महिन्यात वसाहतीच्या बैठकीत ती सातही पाडण्याचा ठराव आला. झाडं तेव्हा निम्मी उघडी होती, खाली करपलेल्या कोवळ्या पानांचा खच पडला होता, आणि ठराव मांडणाऱ्यांनी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, "याहून वेगळा पुरावा काय हवा?" निर्णय ऑक्टोबरच्या बैठकीवर ढकलला गेला. मधल्या काळात त्यांनी दोन पानांचं टिपण मराठीत लिहून इथल्या मराठी घरांत वाटलं. ते माझ्याही घरी आलं. हे त्याचं उत्तर आहे.

ठराव मांडणारे माझे जुने स्नेही. मूळचे नाशिककडचे, घरची द्राक्षबाग. त्यामुळे कीडरोगाची भाषा त्यांच्या तोंडी सहज येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आता यावर आपण काय बोलणार! त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण बागेतला न्याय त्यांनी ओढ्याकाठच्या झाडांना लावला आहे आणि तो लावताना झाडाला नेमकं काय झालंय हे कुणी पाहिलेलं नाही. आधी शिक्षा ठरली, मग रोग शोधला गेला.

टिपणाचं पहिलंच वाक्य आहे : "ही झाडं दरवर्षी मरतात." मेमध्ये आपण सगळ्यांनी जे पाहिलं तो करपा होता. द्राक्षावर, आंब्यावर, मिरचीवर करपा येतो तसा सिकॅमोरवरही येतो. बुरशी वेगळी, 'ॲपिओग्नोमोनिया व्हेनेटा' नावाची. ती आदल्या वर्षीच्या बारीक काटक्यांत आणि गळलेल्या पानांत हिवाळा काढते. पुढे काय होणार हे कळ्या फुटल्यानंतरचे दोन आठवडे ठरवतात. त्या दोन आठवड्यांत दिवसाचं सरासरी तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली राहिलं आणि पाऊस असला, तर करपा जोरात येतो, कोवळे शेंडे एका रात्रीत भाजल्यासारखे दिसतात. सरासरी १६ अंशांच्या वर गेली तर तो जवळजवळ दिसतही नाही. यंदाचा वसंत आठवा. कळ्या फुटल्या आणि पावसाची झड लागली. मेचा दुसरा आठवडा आला तरी स्वेटर कपाटात गेले नव्हते.

त्या वेळी अनेकजण म्हणाले की पानं दहिवराने जळाली. तो अंदाज वाईट नव्हता, पण तपासायला सोपा होता. दहिवर एका जातीचं झाड निवडून जाळत नाही. शेजारचे मेपल आणि ओक तेव्हा हिरवेगार होते. शिवाय दहिवराने पान सरसकट काळवंडतं. करप्यात तपकिरी डाग मधल्या शिरेच्या आणि उपशिरांच्या कडेकडेने पसरतो, जणू कुणी शिरा गिरवल्या आहेत. मी खाली पडलेली पानं गोळा करून पाहिली. जवळजवळ प्रत्येकावर शिरांची तीच रेघ होती.

आणि मग जून आला. झाडाकडे राखीव कळ्या असतात, त्या फुटल्या. महिनाअखेरीस मी सातही झाडांचे फोटो काढून ठेवले आहेत. मेच्या फोटोंशेजारी ते ऑक्टोबरच्या बैठकीत ठेवणार आहे. सिकॅमोरची कळी तशीही सहज दिसत नाही. पानाच्या देठाचं टोक पोकळ टोपीसारखं असतं आणि पुढच्या वर्षीची कळी त्या टोपीखाली वाढते. पान गळतं तेव्हाच ती उघडी पडते. ज्यांना मेमधल्या फांद्या मेलेल्या वाटल्या, त्यांनी अंगठ्याच्या नखाने काटकीची साल जराशी खरवडून पाहायची होती. आत हिरवं आणि ओलं लागलं की फांदी जिवंत. ही परीक्षा आपल्याकडे लहान पोरंही डाळिंबाच्या काडीवर करतात.

करप्याची किंमत झाडाला मोजावी लागत नाही, असं मी म्हणत नाही. लागोपाठ तीन-चार वर्षं पानं गेली तर साठवण कमी होते, फांद्यांची टोकं वेडीवाकडी होतात, एकाच जागेतून केरसुणीसारखा काटक्यांचा झुबका निघतो. नुकत्याच लावलेल्या किंवा आधीच खचलेल्या झाडाला ते जड जातं. पण चांगल्या वाढलेल्या सिकॅमोरला एकटा करपा सहसा मारत नाही. हे झाड पूर्व अमेरिकेच्या नदीकाठांवरचंच आहे आणि करप्यासकट इथे नांदत आलं आहे.

स्नेह्यांचा पुढचा मुद्दा असा : पाडायची नसतील तर निदान दर वसंतात फवारणीचा करार करा, कारण "करप्याला फवारणी लागतेच." द्राक्षाला लागते, मान्य. पण का लागते? द्राक्षाचा मांडव डोक्याएवढा उंच, प्रत्येक घडापर्यंत हात पोचतो, आणि मण्यावर एक डाग पडला तरी माल परत येतो. तिथे आपण पीक वाचवत असतो. सिकॅमोरचं पान हे पीक नाही. आमची झाडं पंचवीस मीटरच्या आसपास आहेत. जमिनीवरून मारलेलं औषध शेंड्यापर्यंत पोचत नाही. जे मारायचं ते कळ्या फुटण्याआधी सुरू करून अनेकदा मारावं लागतं. पानं करपलेली दिसल्यावर फवारणं म्हणजे पैसा ओतणं. आणि आमच्या बाबतीत ते औषध खाली ओढ्यात उतरणार. खोडाला भोकं पाडून औषध टोचण्याचा मार्ग आहे. त्याचा परिणाम दोन-तीन वर्षं टिकतो. घरासमोर एकच लाडकं झाड असेल आणि ते सलग काही वर्षं उघडं पडत असेल तर मीही तो विचार करेन. पण प्रत्येक टोचणी ही खोडाला नवी जखम असते, आणि सात धडधाकट झाडांना ती करण्याचं कारण मला दिसत नाही. त्यापेक्षा शरद ऋतूत पडलेली पानं आणि काटक्या गोळा करणं, हाताशी असलेल्या फांद्यांवरचे वाळके भाग काढणं, उन्हाळ्यात पावसाने दडी मारली तर मुळांना पाणी देणं हे काम आपल्या आवाक्यातलं आहे. नव्याने लावायचं झालं तर करप्याला दाद न देणारे वाण मिळतात. 'कोलंबिया' आणि 'लिबर्टी' हे लंडन प्लेनचे दोन वाण अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने त्यासाठीच तयार केले. लंडन प्लेन म्हणजे इथला सिकॅमोर आणि पूर्वेकडचा चिनार यांचा संकर. काश्मीरच्या सहलीत ज्या चिनाराखाली आपण फोटो काढतो, त्याचाच वंश.

आता छाटणी. टिपणातला सर्वांत घातक भाग हाच आहे, म्हणून इथे मी थांबून बोलणार आहे.

स्नेही लिहितात : "आम्ही द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतो, खरड छाटणी आणि गोडी छाटणी. वेल मरत नाही, उलट जोमाने फुटतो. या झाडांचाही शेंडा अर्ध्यावर उतरवावा." सोबत त्यांनी पॅरिसमधल्या प्लेन झाडांचा फोटो जोडला आहे, मुठीसारख्या गाठी असलेल्या छाटलेल्या फांद्यांचा. फोटो खरा आहे. पण ती पद्धत झाड कोवळं असताना सुरू होते आणि नंतर आयुष्यभर, ठरावीक काळाने, त्याच गाठींवर चालते. कापली जाते ती दर वेळी एक-दोन वर्षांची, बोटाएवढी काडी. द्राक्षाचंही तेच. कित्येक दशकं मोकळ्या वाढलेल्या झाडाची मांडीएवढी फांदी मधोमध कापणं ही वेगळीच गोष्ट आहे. तेवढी जखम झाड कधीच पूर्ण मिटवू शकत नाही.

झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. माणसाचं शरीर जुन्या जागी नवी पेशी आणतं. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा करतं आणि त्याच्याभोवती नवं लाकूड वाढवतं. अमेरिकी वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं आणि १९७७ साली त्याची मांडणी केली. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर काप घेतला तर झाडाला ही भिंत घालता येते. फांदीच्या मध्यावर काप घेतला तर भिंत घालायला जागाच नसते आणि कूज सरळ आत उतरते. कापाभोवती मग झुबक्याने धुमारे फुटतात. ते दिसतात जोमदार, पण नुसत्या वरच्या थरात अडकलेले असतात. दहा वर्षांनी वादळात तेच तुटून पडतात. सुरक्षिततेसाठी शेंडा उतरवायचा आणि दहा वर्षांनी मुलांच्या डोक्यावर फांदी पाडायची, असा हा व्यवहार आहे.

कापावर बोर्डो पेस्ट किंवा डांबरी रंग लावला की झालं, असंही टिपणात आहे. आमच्या देवगडच्या बागेत आजोबा आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावायचे, ते माझ्याही डोळ्यांसमोर आहे. पण मोठ्या झाडाच्या जखमेवरचा लेप आतली कूज थांबवत नाही, हे शिगोंच्या कामाने स्पष्ट झालं. सिकॅमोरच्या बाबतीत तर त्या लेपानेच घात केला आहे.

या झाडांना खरोखर मारणारा एक रोग आहे. इथे त्याला 'कॅन्कर स्टेन' म्हणतात. 'सेराटोसिस्टिस प्लाटानी' ही बुरशी जखमेतून शिरते. खोडावर उभा, अरुंद, खोलगट चट्टा पडतो. पानं विरळ आणि लहान येतात. खोड आडवं कापलं तर निळसर काळा डाग बाहेरून आत पाचरीसारखा गेलेला दिसतो. औषध नाही. मध्यम जाडीचं झाड दोन-तीन वर्षांत जातं. १९३० आणि १९४०च्या दशकांत फिलाडेल्फियाच्या परिसरात, म्हणजे आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, या रोगाने रस्त्याकडेची प्लेन झाडं साफ केली. तो पसरला कसा? छाटणी करणाऱ्यांच्या करवतींवरून, आणि कापांवर फासलेल्या डांबरी रंगातून. एका झाडावर चालवलेली करवत न धुता दुसऱ्यावर, एकाच डब्यातला ब्रश शंभर जखमांवर. झाडांची काळजी घ्यायला आलेल्या माणसांच्या हातून झाडं मेली.

हीच बुरशी दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून युरोपात उतरली असं मानलं जातं. दक्षिण फ्रान्समध्ये कनाल द्यू मिदी नावाचा जुना कालवा आहे, १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्याच्या काठांवर सुमारे ४२ हजार प्लेन झाडांची सावली होती. २००६ साली तिथे हा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं पाडून जाळावी लागली. तिथे बुरशीला जे सगळं हवं होतं ते मिळालं : एका जातीची झाडं, रांगेत, पाण्याकाठी. शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांना जुळतात आणि रोग मुळांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पाणीही त्याला पुढे नेतं. आमच्या सात झाडांचं वर्णन याहून वेगळं आहे का? ओढ्याकाठी, रांगेत, एका जातीची. त्यांच्यात आज हा रोग नाही. सातही खोडं मी चहूबाजूंनी पाहिली, तसा चट्टा कुठे नाही. आणि आपण काय ठरवतो आहोत? अख्ख्या जिल्ह्यात फिरून आलेली करवत सातही झाडांच्या अंगात घालायचं!

साल सोलून पडते हाही पुरावा म्हणून टिपणात आला आहे, "महारोग झाल्यासारखी" या शब्दांत. तो शब्द माणसाला लावणंही आपण आता सोडून दिलं आहे. सिकॅमोरची साल ताणली जात नाही. खोड वाढलं की ती तुकड्यातुकड्यांनी सुटते आणि खालचा पांढरा, हिरवट, पिवळसर थर दिसतो. ज्या वर्षी वाढ चांगली, त्या वर्षी जास्त साल पडते. काळजी करायची ती साल जिथे सुटायला हवी तिथे न सुटता चिकटून, खचून, भेगाळून राहिली तर.

"सिकॅमोरच्या सालीखाली काळी भुकटी असते आणि ती फुप्फुसात गेली की आजार होतो," हे वाक्य वाचून दोन घरांतल्या आयांनी मुलांना ओढ्याकडे जाऊ देणं बंद केलं आहे. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण इथे झाडच चुकलं आहे. सिकॅमोर हे नाव तीन वेगळ्या झाडांना आहे. बायबलमधलं सिकॅमोर म्हणजे उंबराचं भावंड, अंजिराच्या कुळातलं. ब्रिटनमध्ये सिकॅमोर म्हणतात ते एक मेपल. आणि आपल्या ओढ्याकाठचं तिसरं, 'प्लाटानस'. काळ्या भुकटीचा तो रोग मुख्यतः मेपलवर्गाचा. ज्या लेखातून हे उचललं तो ब्रिटिश झाडाबद्दलचा असणार. नावावरून औषध शोधायचं तर आधी झाडाची ओळख पटवावी लागते. पान, फळ, साल, तिन्ही बघावं लागतं. आपल्या झाडाचं फळ म्हणजे लांब देठाला लटकलेला एकच गोळा. मेपलला पंखांच्या जोड्या लागतात. पाच वर्षांचं मूलही हा फरक ओळखेल.

पानांखाली जे काळे ठिपके स्नेह्यांनी दाखवले, ती जाळीदार पंखांच्या एका बारीक ढेकणाची विष्ठा आहे. हा ढेकूण पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो, वरून पान पांढुरकं ठिपकेदार होतं, ऑगस्टपर्यंत पिवळट पडतं. प्रौढ किडे सुट्या सालीखाली हिवाळा काढतात. मूळचा इथलाच, १९६४ साली इटलीतल्या पादुआत सापडला आणि मग युरोपभर गेला. उन्हाळ्याच्या शेवटी पानांचं काम बहुतेक उरकलेलं असतं, त्यामुळे मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही. लहान रोप असेल तर जूनमध्ये पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा, पिल्लं धुऊन जातात. सरसकट कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे कोळी आणि शिकारी कीटक आधी मरतात. ऑगस्टमध्ये पानांवर दिसणारी भुरीही तशीच. दिसते वाईट, करत फार काही नाही.

ओढ्याच्या वळणावरच्या तिसऱ्या झाडाबद्दल मात्र मला काळजी होती आणि आहे. जुलैत त्याची पानं कडेने वाळायला लागली, आतून हिरवी, बाहेरून तपकिरी. असं चिन्ह 'झायलेला' या जिवाणूचं असू शकतं. याच जातीचा जिवाणू कॅलिफोर्नियात द्राक्षवेली मारतो. तुडतुड्यांसारखे रस शोषणारे कीटक तो पसरवतात, झाड वर्षागणिक एकेक फांदी गमावत जातं आणि बरं करणारं औषध नाही. पण पाण्याच्या ताणानेही पान अगदी तसंच वाळतं. नजरेने फरक करता येत नाही. म्हणून मी फांदीसकट पानं रटगर्स विद्यापीठाच्या वनस्पती-निदान प्रयोगशाळेत पाठवली. जिवाणू सापडला नाही.

मग एवढं मोठं झाड ओढ्याकाठी तहानलेलं का? उत्तर जमिनीत होतं. दोन वर्षांपूर्वी केबल टाकणाऱ्या ठेकेदाराने याच झाडापासून दीड मीटरवरून सरळ चर खणला. पाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. एका बाजूची सगळी मुळं त्या दिवशी तुटली. ज्या बाजूची पानं वाळतात ती चराचीच बाजू. त्या चराला परवानगी आपल्याच वसाहतीने दिली होती. पायवाटेकडच्या दोन झाडांच्या बुंध्याला गवत कापायच्या यंत्राच्या दोरीने सालीचा पट्टा सोलला आहे. तो पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला की झाडाचं अन्न मुळांकडे जाणं बंद होईल. आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याभोवती दर वसंतात लाकडाच्या भुश्शाचा गुडघाभर ढीग रचला जातो. खोडाची साल कायम ओली राहून तिथे कुजते. आच्छादन हवं, पण बोटभर-चारबोटं जाड, पसरट, आणि खोडापासून हात राखून. या तिन्ही इजा माणसाच्या हातच्या आहेत. टिपणात त्यांचा एक शब्दही नाही.

राहता राहिलं पाचवं झाड, पोकळ आहे ते. जुन्या सिकॅमोरची खोडं पोकळ होतातच. सैन्यातून पळालेले प्रिंगल बंधू १७६४ साली आजच्या वेस्ट व्हर्जिनियात एका पोकळ सिकॅमोरमध्ये राहायला गेले आणि सुमारे तीन वर्षं राहिले. झाड उभं होतं. झाडाचा भार बाहेरचं कवच पेलतं, बांबूसारखं. कवच किती जाड उरलं आहे हे मोजता येतं. पण पोकळी खाली मुळांच्या मानेपर्यंत गेली असेल, खोडाला उभी चीर असेल, झुकाव वाढत असेल, तर ते झाड पाडावं लागेल, आणि तसं निघालं तर मी विरोध करणार नाही. पायवाटेवर मुलं खेळतात, माझी नातही खेळते. माझं म्हणणं आहे की आधी झाडांच्या जाणकाराकडून, ज्याला पाडण्याच्या कामाचे पैसे मिळणार नाहीत अशा माणसाकडून, सातही झाडं तपासून घ्या आणि प्रत्येकाचा वेगळा निर्णय करा. सात झाडांना एक ठराव पुरत नाही.

त्याच पाचव्या झाडाची ओढ्यावर आलेली वाळकी फांदी काढायला माझा आजही पाठिंबा आहे. ती जानेवारीत, कोरड्या थंडीत काढावी, बुरशी तेव्हा सर्वांत सुस्त असते. खोडाच्या कड्याबाहेर काप, वर कसलाही लेप नाही. कामगार येतील तेव्हा ७० टक्के अल्कोहोलची बाटली आणि फडकं घेऊन मी तिथे उभी असेन, आणि करवत लावण्याआधी त्यांना विचारेन की ती काल कुठल्या झाडावर चालली होती.